दारापुढचा चुना

हसा, खुशाल हसा, पण आधी चहा संपवा. कारण मी केलेला पराक्रम ऐकल्यावर तो घशाखाली उतरायचा नाही!

ऐंशी सालाच्या मागेपुढे मी नाशकात रस्त्याच्या कामावर ओव्हरसिअर होतो. घर नांदगावकडच्या खेड्यात. तिथे खुबा मोडून बाजेवर पडलेली आई आणि तिचं सगळं करणारी माझी बायको.

आईला औषधापेक्षा माणसं लागायची हो! आणि पावसाळ्यात आमच्या बोळातली काळी माती अशी, की पाय बाहेर यायचा, चप्पल आतच. शेजारची गोदाकाकूसुद्धा येईना. आई पानाचा डबा उघडून दाराकडे बघत पडायची. "कुणी येत नाही रे," एवढंच म्हणायची.

झालं, माझ्यातला ओव्हरसिअर जागा झाला! काळ्या मातीत चुना कालवून ती ओली चोपली, की फुगत नाही, चिकटत नाही. रस्त्याखाली आम्ही हेच करायचो. उघडीप बघून पोती आणली, माती खणली, चुना मिसळला, धुमसाने ठोकून काढली. दारापासून पारापर्यंत बोळ पांढराफेक!

"आता बघ, गर्दी आवरणार नाही तुला," मी आईला म्हणालो. ती हसली. पानं पुसून ठेवली तिने. मी नाशकाला परत.

पुढच्या रविवारी येतो तर काय? रस्ता टेबलासारखा टणक, आणि त्यावर चिटपाखरू नाही!

पारापाशी गोदाकाकू दिसली. मी पुढे झालो, तशी ती नाकाला पदर लावून मागे.

"तिथंच थांब बाबा! म्हातारीचे जुलाब थांबले का?"

"कसले जुलाब? खुबा मोडलाय तिचा!"

"आमाला नको शिकवू. पटकी झाल्याबिगर कुणी दारापुढं चुना टाकतं व्हय?"

घ्या! मागल्या साली शेजारच्या गावात पटकीची साथ आली, तेव्हा रोग्यांच्या दारापुढे असाच चुना टाकला होता. सगळ्या गावाच्या लक्षात होतं, मी एकटा शहाणा विसरलो! आता दूधवाला चरवी पारावर ठेवून पळायचा. बायको पाण्याला गेली की विहीर मोकळी.

मी भडकलो. "अरे, चुना मातीसाठी आहे, रोगासाठी नाही!" असं दारोदार ओरडत सुटलो. लोक आतून कड्या घालून म्हणाले, "ह्यालाबी लागण झाली. लय बडबडतोय."

मग फावडं घेऊन चुना उकरायला गेलो. निघेल तर शपथ! मीच ठोकलेला ना?

आई प्रत्येक खेपेला विचारायची, "वाळला का रे रस्ता?"

"वाळतोय," मी म्हणायचो. दुसरं काय सांगणार?

हळूहळू गावाची भीती गेली. पण इतके दिवस गेलो नाही, आता कोणत्या तोंडाने जायचं, म्हणून कुणी फिरकलं नाही. नवरात्राच्या आधी आई गेली. डब्यातली पानं तशीच सुकलेली.

त्या दिवशी मात्र सगळं गाव आलं. पाऊस लागला होता, तरी कुणाची चप्पल अडकली नाही. गोदाकाकू उशाशी बसून हमसून हमसून रडली.

मसणातून परतताना एक म्हातारबा माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "रस्ता केला हे लय बरं केलं बाबा. खांदेकऱ्यांचा पाय कुठं घसरला नाय."

सबंध नोकरीत माझ्या कामाची झालेली ही एवढीच तारीफ.