निवलो

आमच्या घरात जेवण मनाजोगतं झालं की ‘निवलो’ म्हणायची पद्धत होती. चहा निवतो, तापलेलं दूध निवतं, तसा माणूसही जेवून निवतो. पोट काय, वडापाव खाऊनही भरतं. बसस्टँडवर उभ्याउभ्या भरतं. निवायला त्याहून जास्त काहीतरी लागतं, ते नेमकं काय हे मला बरीच वर्षं विचारावंसंही वाटलं नाही. बाबा दुपारच्या पानावरून उठताना “निवलो हो” म्हणायचे, आई “बरं झालं” म्हणायची, आणि घरातली दुपार सुरू व्हायची.

आई गेली आणि हा शब्दही घरातून गेला. बाबा जेवत होते, पान स्वच्छ करत होते. शेवटी “झालं” म्हणून उठत होते. झालं! पाण्याचा पंप दुरुस्त करणारा काम संपल्यावर म्हणतो तसं. हळूहळू त्यांचा सदरा खांद्यावरून लोंबायला लागला आणि मी मनातून घाबरलो. आईमागे हा माणूस असाच झिजत जाणार की काय, असं वाटायचं.

दुपारचा स्वयंपाक माझ्याकडे असतो. बायको शाळेत शिकवते, ती डबा घेऊन सकाळीच निघते. मी नारळ-सुपारीची वाडी बघतो आणि वाडीतल्या दोन खोल्या पाहुण्यांना देतो. शनिवार-रविवारी मुंबईची मंडळी येतात. सोलकढीचे फोटो काढतात, “दादा, एक नंबर!” म्हणतात आणि जाताना कोकमं बांधून नेतात. त्यामुळे आपल्या हाताला चव आहे अशी माझी पक्की समजूत झालेली. फक्त घरातलाच एक माणूस मला पास करायला तयार नव्हता.

मग मी हट्टालाच पेटलो. नारळीभात केला. फणसाची भाजी केली. हळदीच्या पानातल्या पातोळ्या केल्या. मोदकांचंही धाडस केलं. कळ्या काही नीट पडल्या नाहीत, धोब्याकडे टाकायची गाठोडी दिसत होती, पण सारण आईच्याच प्रमाणाचं होतं.

“कसे झालेत?” मी विचारलं.

“छान आहेत,” बाबा म्हणाले.

छान म्हणजे काय? छान तर शाळेच्या गॅदरिंगला म्हणतात. संध्याकाळी मी बायकोपुढे भरपूर कुरकुर केली.

“अरे, त्यांच्या तोंडाची चव गेली असेल,” ती म्हणाली. “अलिबागला डॉक्टरांना तरी दाखवून आण.”

डॉक्टरांनी तपासलं, सगळं ठीक आहे म्हणाले आणि भुकेसाठी एक गुलाबी औषध दिलं. बाबांनी ते शहाण्या मुलासारखं संपवलं. जेवण तेवढंच राहिलं, शब्दही तोच राहिला.

श्रावणातल्या एका शनिवारी मोठा गट यायचा होता. त्यांनी वालाचं बिरडं मागितलं होतं. मी वाल भिजवले, मोड आणले आणि सकाळभर एकेक वाल सोलत बसलो. नखं हिरवी झाली. बिरडं चुलीवर रटरटायला लागलं आणि फोन वाजला. समुद्र खवळलाय, बोट रद्द झालीय, आम्ही येत नाही. मग दुसऱ्याचा फोन, मग तिसऱ्याचा, प्रत्येकाला वेगळं सॉरी म्हणायचं होतं. फोन ठेवला तेव्हा समोर गावजेवणाइतकं बिरडं होतं आणि डोक्यात नुसता संताप.

एरवी मी बाबांना वाढायचो, पाहुण्यांची ताटं लावायला, नाहीतर वाडीत पळायचो आणि मध्येच ओट्याशी उभं राहून चार घास पोटात ढकलायचो. त्या दिवशी पळायला कोणी नव्हतंच. बाबांचं जेवण होत आलं होतं. मी त्यांच्यासमोर पाट ओढला, स्वतःचं ताट वाढून घेतलं आणि रागारागात जेवायला लागलो. पाहुण्यांच्या नावाने खडे फोडत होतो आणि भातावर बिरडं ओतत होतो.

बाबांचं पान संपलं, पण ते उठले नाहीत. उष्टा हात तसाच धरून बसले.

“उठा ना बाबा, हात वाळला तुमचा.”

“असू दे. तू जेव सावकाश. भात घे अजून.”

मी घेतला. राग हळूहळू उतरला. पाहुण्यांची नक्कल करून दाखवली तेव्हा बाबा खो खो हसले. मी ताक प्यायलो, ताटाला नमस्कार केला. तेव्हा बाबा गुडघ्यावर हात टेकत उठले आणि म्हणाले,

“निवलो हो.”

माझ्या अंगावर काटा आला. एवढ्या महिन्यांनी!

“बिरडं जमलं ना?” मी उतावीळपणे विचारलं.

“बिरड्यात मीठच नाहीये,” बाबा म्हणाले.

मी पातेल्यात बोट बुडवून चाखलं. खरंच, कणभरही नव्हतं. फोनच्या नादात राहून गेलं होतं, आणि रागाच्या भरात मलाही कळलं नव्हतं.

“मग निवलात कशाने?”

बाबा मोरीपाशी हात धूत होते. पाणी बंद करून वळले.

“तुझी आई सगळ्यांना वाढून मग बसायची. ती जेवून होईपर्यंत मी कधी पान सोडलं नाही. तिचं पोट भरलेलं पाहिलं की मग मी निवायचो.” त्यांनी पंच्याला हात पुसले. “तू आपला रोज उभ्याने गिळतोस. बापाच्या घशाखाली घास कसा उतरणार रे?”

मी ताटातली उरलेली शितं गोळा करून खाल्ली आणि आईच्या आठवणीने खूप रडलो. बाबा परत येऊन पाटावर बसले.