एकच आकडा लिहा, मी म्हणालो

लीथ टकवेल हा माझा धाकटा भाऊ. अख्ख्या कुरिंबा गावात त्याच्यासारखा माणूस नाही, आणि हे मी सांगतोय. मी व्हर्न. चौदाव्या वर्षी शाळा सोडली आणि लोकर कातरायला लागलो. एका दिवसात दोनशे बारा मेंढ्या कातरल्यात. तो आकडा कातरणीच्या शेडच्या पत्र्यावर अजून रंगाने लिहिलेला आहे, कुणीही जाऊन बघावं. म्हणजे माणसाची पारख मला आहे.

लीथ पवनचक्क्यांचे पंप दुरुस्त करतो. आठवड्यातले तीन दिवस गावची अॅम्ब्युलन्स चालवतो, तेही बिनपगारी. बावीस वर्षं झाली. आमच्या हॉस्पिटलातला बाळंतपणाचा वॉर्ड बंद पडून नऊ वर्षं झाली. तेव्हापासून बायकांना एकशेचाळीस किलोमीटरवर न्यावं लागतं. लीथच्या गाडीत रस्त्याच्या कडेला चार पोरं जन्मली. तीन जगली. चौथ्याबद्दल तो बोलत नाही. फक्त ते जिथं झालं त्या पुलापाशी आला की गाडी हळू करतो. मी शेजारी बसलेलो असताना पाहिलंय.

म्हणून तो खासदारकीला उभा राहिला. हॉस्पिटल राज्य सरकारचं, मग कॅनबेराला, देशाच्या संसदेत कशाला जायचं, असं लोकांनी विचारलं. तो म्हणाला, पैसा तिथूनच येतो. चार गावांतली माणसं जमवून त्याने छोटा पक्ष काढला, "गावची हॉस्पिटलं". कार्यालय म्हणजे माझं स्वयंपाकघर. ते मी दिलं. फुकट दिलं.

मतदानाच्या दहा दिवस आधी मतदारांना वाटायची पत्रकं छापून आली. त्यांच्यावर पाच उमेदवारांची नावं आणि पाच चौकोन. लीथच्या चौकोनात एक. विरोधातल्या मोठ्या पक्षाच्या बाईला दोन. असं करत शेवटी सध्याच्या खासदाराला पाच.

मी म्हटलं, "हिला दोन कशाला? हिच्या पक्षाने काय दिवे लावले?"

"एकाने वॉर्ड बंद केला, दुसऱ्याने बंदच ठेवला," लीथ म्हणाला. "पण नंबर सगळ्यांना द्यावे लागतात."

"मार्चमध्ये नाही द्यावे लागले. मी एकच आकडा लिहिला, आणि माझं मत धरलं."

"ती राज्याची निवडणूक होती. ही देशाची. नियम वेगळा आहे, व्हर्न."

माझा मित्र कर्ली नुजंट तिथंच बसला होता. कर्ली म्हणजे कुरळ्या केसांचा, आणि याच्या डोक्यावर एकही केस नाही. त्याने माझी बिस्किटं संपवत आणली होती. तो म्हणाला, "मला एक सांग लीथ. खासदाराला मिळणार अडतीस टक्के. तुला मिळणार वीस-एकवीस. आणि तरी तू निवडून येणार? ही कसली लबाडी?"

"पबात तू गडद बियर मागतोस. पिंप संपलेलं असलं तर घरी जातोस का?"

"वेडा आहे का मी? फिकी पितो."

"ती तुझी दुसरी पसंती. तू मागितलास एकच ग्लास, फक्त तो दुसऱ्या पिंपातनं भरला. तसंच हे. निम्म्याहून जास्त मतं कुणालाच नसली तर सगळ्यात कमी मतांचा उमेदवार बाद होतो, आणि त्याला दिलेलं मत पुढच्या नावाकडे जातं. ती बाई माझ्या आधी बाद झाली, तर तिच्या पत्रकावर दोन नंबरला मी आहे. तिची बहुतेक मतं माझ्याकडे येतील. मग खासदार पडतो."

"आणि तू तिच्या आधी बाद झालास तर?"

"तर मग बायका एकशेचाळीस किलोमीटर जात राहतील."

मी म्हटलं, "मी तर सरळ घरी जातो. गडद नसली तर पीतच नाही."

कर्ली इतका हसला की त्याच्या तोंडातलं बिस्किट टेबलावर उडालं. "व्हर्न, गडद संपली तेव्हा एकदा तू खोकल्याचं औषध प्यायला होतास!"

लीथही हसला. त्याला त्यानंतर तसं हसलेलं मी पाहिलं नाही.

मतदान शाळेत होतं. दारापासून सहा मीटर लांब राहून पत्रकं वाटायची असतात, तिथं मी सकाळी आठपासून उभा. माझ्याइतकी पत्रकं त्या दिवशी कुणी वाटली नसतील. पालकसभेच्या बायका शाळेच्या मदतीसाठी सॉसेज भाजून विकत होत्या, कांद्याचा धूर सगळा माझ्या तोंडावर. आमचे शेडवाले येत गेले, त्यांच्या बायका, त्यांचे मेव्हणे. मी प्रत्येकाच्या खांद्यावर हात टाकायचो आणि सांगायचो, "पत्रक राहू दे. माझ्या भावापुढं एक लिही आणि बाहेर ये. बाकीच्यांची नंबर मिळायची लायकी नाही."

"बास? एवढंच?"

"एवढंच. मी सांगतोय ना."

मतपत्रिकेवर मोठ्या अक्षरात छापलेलं होतं की प्रत्येक चौकोनात आकडा लिहा. आतली बाईही प्रत्येकाला तेच सांगत होती. पण व्हर्न टकवेलने सांगितल्यावर कुरिंबात छापलेलं कोण वाचतो? दुपारी मी आत गेलो, मीही एक लिहिला. फक्त एक. पेन्सिल इतकी दाबली की टोक मोडलं.

रात्रीपर्यंत एवढं कळलं की खासदार पुढे आहे, आणि त्याच्यामागे लीथ आणि ती बाई बरोबरीत चाललेत.

मंगळवारी मतपत्रिकांची पुन्हा तपासणी झाली. उमेदवाराला स्वतः आत जाता येत नाही, म्हणून त्याचा प्रतिनिधी मी होतो. कागदाला हात लावायचा नाही, फक्त बघायचं. लांब टेबलं होती आणि सकाळचं ऊन होतं. आमच्या शाळेची पेटी आली तेव्हा मी खुर्ची पुढे ओढली.

बाद मतांचा एक गठ्ठा वेगळा ठेवला होता. अधिकारी बाई चष्मा सारून एकेक कागद पलटत होती. एक. एक. एक. प्रत्येक वेळी लीथच्या चौकोनात, आणि खालचं सगळं कोरं.

मी विचारलं, "ही बाद कशी?"

"एकच आकडा आहे."

"पण माझ्या भावाला आहे. स्पष्ट दिसतंय की."

"दिसतंय, पण चालत नाही. बाकीचे चौकोन भरायला हवे होते."

"किती आहेत?"

तिने मोजले. "त्र्याहत्तर. दरवेळी असे थोडे निघतात, पण एका शाळेत इतके नाही पाहिले. कुणीतरी चुकीचं सांगितलेलं दिसतंय."

एका कागदावर आकड्याच्या टोकाशी पेन्सिल मोडल्याचा काळा ठिपका होता. तिने तोही पलटला.

घरी येऊन मी मेंढीच्या मटणाचा रस्सा गरम केला आणि तसाच गार होऊ दिला. लीथ आला. त्याने विचारलं, "आपल्या पेटीत काय?"

"आपण पहिले," मी म्हटलं. ते खरंच होतं. कुरिंबात तो पहिला होता.

"वाटलंच होतं. तू उभा होतास ना."

पुढचे दोन आठवडे मी कुंपणाच्या तारा ताणल्या. तारा ठीक होत्या. पबात गेलो नाही. कर्ली दोनदा येऊन गेला, मी मागच्या अंगणात बसून राहिलो. काही वाटत होतं असंही नाही. हाताला बधिरता येते ना, दिवसभर कात्री धरल्यावर, तसं सगळ्या अंगाला आलं होतं.

मग शेवटचा हिशोब लागला. खालचे दोघं आधीच बाद झाले होते, तिघं उरले होते. त्या बाईपेक्षा लीथला अठ्ठावन्न मतं कमी. तिसरा आला म्हणून तो बाद झाला. त्याची मतं दोघांत वाटली गेली आणि खासदार पुन्हा निवडून आला.

अठ्ठावन्न. मी चौदाव्या वर्षी शाळा सोडली, पण त्र्याहत्तरातनं अठ्ठावन्न वजा करायला शाळा लागत नाही.

दुपारी मी अॅम्ब्युलन्सच्या शेडवर गेलो. लीथ गाडीच्या आतली फरशी धूत होता. मी दारात उभं राहून सांगितलं. सगळं सांगितलं, आधी कधी काही सांगितलं नव्हतं इतक्या थोडक्यात.

त्याने फडकं बादलीत टाकलं.

"त्र्याहत्तर?"

"हो."

"त्यात तुझं होतं?"

"होतं."

तो पायरीवर बसला. वाटलं, शिवी देईल. मी मोठा आहे, तरी मी ती घेतली असती.

"मी तुला सांगितलं होतं, व्हर्न," तो म्हणाला.

"सांगितलं होतंस."

तेवढ्यात शेडमधला फोन वाजला. हेडलींच्या शेतावरची सून, पहिलं बाळंतपण, कळा दर सहा मिनिटांनी. लीथ उठला, हात पुसले. स्टिअरिंगवर बसला आणि काच खाली केली.

"कर्लीला सांगितलंस?"

"नाही."

"सांग. सगळ्यांना सांग, एकेकाला. चूक कुणाकडनं आली ते त्यांना कळायला हवं." आणि गाडी निघाली. फाटक मी लावलं.

कर्लीकडे मी तसाच गेलो. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "म्हणजे माझंही वाया गेलं?" मी म्हटलं, हो. "तू सांगितलंस म्हणून मी बायकोलाही तसंच सांगितलं, गड्या." मी म्हटलं, माहितीये. त्याने दार लावलं नाही, पण आत ये असंही म्हणाला नाही. त्या दिवशी मी नऊ जणांना सांगितलं. माझं मत सोडलं तर अजून त्रेसष्ट जण उरले होते. सगळ्यांची नावं मला पाठ आहेत, बहुतेकांच्या खांद्यावर मीच हात टाकला होता.

संध्याकाळी लीथचा फोन आला. पोचले होते, वाटेत काही झालं नाही. मुलगी झाली.

"बरं," मी म्हटलं.

"पूल ओलांडताना तिच्या कळा थांबल्या होत्या," तो म्हणाला. "ठेवतो."

टेबलावर उरलेली पत्रकं पडली होती. छापलेले आकडे नसलेला एक नमुना त्यांत होता. मी पेन्सिल घेतली. लीथपुढं एक लिहिला. त्या बाईच्या चौकोनावर हात थांबला. मग लिहिला, दोन. तीन, चार आणि पाच लिहायला काही वेळ लागला नाही.