अक्कांचा अंगठा

“सांडू नको, पोरी. हळू टाक.”

मी हातातला ट्रे झटकन खाली ठेवला. पण अक्का माझ्याशी बोलतच नव्हत्या. काचेच्या पेटीतल्या रोबोटशी बोलत होत्या. नोकरीचा माझा तो पहिला आठवडा.

जळगावातल्या आमच्या प्रयोगशाळेत केळीच्या रोपांवरचे विषाणू तपासतात. अक्का तिथल्या प्रमुख, मूळच्या धुळ्याकडच्या. केस घट्ट बांधलेले, चष्मा दोरीला, उजवा हात कायम ॲप्रनच्या खिशात. एरवी शुद्ध बोलायच्या, पण घाबरल्या की अहिराणीत शिरायच्या. मी कॉन्व्हेंटात शिकलेली, कमी बोलणारी; मला म्हणायच्या, “कॉन्व्हेंटमध्ये तोंड उघडायला परवानगी काढावी लागते का गं?”

रोबोट नमुन्यांचे थेंब प्लास्टिकच्या प्लेटमध्ये अचूक टाकायचा, पण झालेली प्लेट उचलून बाजूला ठेवायला त्याला हात नव्हता. विकतचा हात परवडत नव्हता, म्हणून अक्कांनी तो प्रयोगशाळेतच करायचा ठरवला. ड्रॉइंग मी केलं, थ्रीडी प्रिंटरवर दोन बोटं काढली, छोटी मोटर बसवली. बोटं छान मिटायची. पण फ्रिजमधून आलेल्या प्लेटला घाम सुटायचा आणि ती निसटायची. सायकलच्या ट्यूबचं रबर लावलं, पॉलिशपेपर लावला, तरी प्लेटा पडतच होत्या. अक्कांना कसली तरी घाई झाली होती. कसली, ते मला कळत नव्हतं.

“देवाने माणसाच्या बोटांना रेघा उगाच दिल्यात का?” एक दिवस त्या म्हणाल्या. दातांच्या दवाखान्यातून कवळीचं माप घ्यायची पावडर आणली, ती कालवली आणि त्या लगद्यात स्वतःचा अंगठा आणि तर्जनी रोवली. त्या साच्यात सिलिकॉन ओतलं की रोबोटच्या बोटांना गाद्या मिळणार होत्या.

पहिला साचा फसला. दुसराही. रेघांच्या जागी नुसता गाळ. मीच नीट कालवत नसेन असं वाटून पुन्हा कालवलं, तेवढ्यात अक्कांचा हात लागून टेबलावरची वाटी तडतड वाजू लागली. खिशाबाहेर आलेला तो हात मी पहिल्यांदाच नीट पाहिला.

अक्कांनी दार लोटलं. “मना हात धर, पोरी. घट.”

त्यांचं मनगट मी दोन्ही हातांनी दाबून धरलं. आत काहीतरी धडपडत होतं, पिशवीत कोंडलेल्या पाखरासारखं. लगदा घट्ट झाल्यावर त्या म्हणाल्या, “कोन्हाले सांगू नको. या हातवर जलम काढा मी.”

त्या गाद्यांनी एकही प्लेट पाडली नाही. काही महिन्यांनी अक्कांनी मुदतीआधीच निवृत्ती घेतली आणि त्या धुळ्याला भावाकडे राहायला गेल्या.

अंगठा मात्र इथेच राहिला. दुपारी डबा खाऊन परत यावं तर खोलीत कोणी नसायचं. यंत्राची घरघर तेवढी, आणि रांगेने मांडलेल्या प्लेटांच्या दमट कडांवर एकेक ठसा. मधोमध भोवरा, त्याला छेदून गेलेला जुन्या कापाचा व्रण. बघता बघता दव उडायचं आणि अंगठे एकामागून एक नाहीसे व्हायचे. सफाईच्या मंगलाबाई त्या खोलीत एकट्या शिरत नसत. म्हणायच्या, “बाई धुळ्याला नि अंगठा इथे. नको रे बाबा!” मी हसायचे. पण रोबोटकडे पाठ करून बसणं मीही सोडलं होतं.

उन्हाळ्यातल्या एका सकाळी अक्कांच्या भावाचा फोन आला. अक्का पहाटे झोपेतच गेल्या. मी फोन ठेवला तेव्हा आमचे नवे साहेब यंत्रापाशी उभे होते. यंत्राने नुकतीच ठेवलेली प्लेट त्यांनी उजेडात धरली होती.

“हातमोजे न घालता कोणी हात लावलाय? ताजा आहे ठसा.”

“आधीच्या बाईंचा आहे तो,” मंगलाबाई दारातूनच म्हणाल्या. “त्यांच्याच बोटाचा साचा केलाय, साहेब.”

साहेबांनी चष्मा वर करून पाहिलं. रेघ न् रेघ मोजता येत होती. “पण बाईंचा हात थरथरायचा म्हणे? म्हणूनच गेल्या ना त्या?”

दोघंही माझ्याकडे बघू लागले. मागे मोटर फिरली. बोटांनी पुढची प्लेट उचलली आणि ती हवेतच थांबली.

“नाही सर,” मी म्हणाले. “अक्कांचा हात कधीच हलला नाही.”