अ तुकडीतला मामा

चहा गार झाला तरी चालेल, पण हे आधी ऐकून घ्या. दुसऱ्या कोणाकडून ऐकलंत तर तो यात तिखटमीठ घालेल, आणि या किश्शाला त्याची गरजच नाही. गाढवपणा मुळातच पोटभर झालेला आहे. माझा.

तुम्ही मला ओळखता. सगळं आयुष्य बातमीदारीत गेलं. साहेब लोक ‘माहिती घेऊन सांगतो’ म्हणाले की माझं डोकं अजून तापतं. बायको म्हणते, तुम्ही भाजीवाल्यालासुद्धा पत्रकार परिषदेत धरल्यासारखं धरता. आणि माझी एक सवय आहे: बातमीचा मथळा हाती लागला की मी फोन ठेवतो. पुढचं ऐकायचं कशाला? पुढचं आपल्याला लिहिता येतं!

तर माझी भाची, नयना. आमच्या नंदुरबार जिल्ह्यातल्या धानोऱ्याची, धाकट्या बहिणीची लेक. हिला चिनी भाषेचं वेड. तुम्ही विचाराल, धानोऱ्यात चिनी कुठून आली? मेव्हणे ज्या कापड गिरणीत कामाला आहेत, तिथे मशीन बसवायला एक चिनी इंजिनिअर आला होता. त्याचं कोणाला कळेना, कोणाचं त्याला कळेना. सगळे एकमेकांना हातवारे करून दाखवत. नयना डबा द्यायला गेली ती तिथेच उभी राहिली. घरी येऊन मोबाईलवर शिकायला लागली. दोन पावसाळे पोरगी त्या मोबाईलला चिकटून होती. म्हशीची धार काढतानासुद्धा कानात चिनी. बहीण म्हणायची, म्हशीलाच आधी यायला लागेल.

मग तिला पुण्याला विद्यापीठात चिनी शिकायला जायचं होतं. मेव्हणे तयार नव्हते. मी मध्ये पडलो, भांडलो, अर्थात. शेवटी मेव्हण्यांनी मान्य केलं, पण अट घातली: दोन वर्षं. तिसऱ्या वर्षी पोरगी घरी. मेव्हणे बोलतात कमी, पण एकदा बोलले की तो दगड. नयना म्हणाली, दोनात करते. पोरीनं प्रवेश परीक्षा दिली, प्रवेश मिळाला, पुण्याला गेली.

आणि महिनाभरानं एका दुपारी तिचा फोन. आवाजात आनंद मावत नव्हता. म्हणाली, “मामा, मले ब तुकडी भेटनी.”

ब तुकडी!

मी फोन ठेवला.

आता हसू नका. शहाद्याला ज्या शाळेत मी शिकलो, तिथे अ तुकडी म्हणजे काय होतं, तुम्हाला माहीत आहे? डॉक्टरांची मुलं, साखर कारखान्यातल्या साहेबांची मुलं. त्यांच्या वर्गात पंखा. ब मध्ये बरे. आणि क तुकडी सायकल स्टँडला लागून, पत्र्याखाली. पहिल्या दिवशी गुरुजींनी मला नाव विचारलं. मी छाती काढून सांगितलं, “मन्हं नाव...” नाव पुरं होण्याआधीच गुरुजी म्हणाले, क. आम्ही घरी अहिराणी बोलणारी सगळी पोरं त्या पत्र्याखाली. पुढे मी मराठीत अग्रलेख पाडले, पण तो पत्रा डोक्यावरून काही गेला नाही.

आणि आता माझ्या भाचीला ब? पुण्याच्या पोरांना अ आणि नंदुरबारच्या पोरीला ब? मथळा तयार होता. ‘नंदुरबारच्या लेकीला दुय्यम दर्जा?’ शेवटी प्रश्नचिन्ह. प्रश्नचिन्ह लावलं की कोर्टात जावं लागत नाही, ही आमची जुनी विद्या.

नयनाचे दोन फोन येऊन गेले. मी उचलले नाहीत. म्हटलं, पोर रडत असेल, रडू दे, मामा येतोय. शहादा स्टँडवर पुण्याची गाडी धरली आणि सकाळी थेट विभागप्रमुखांच्या दारात.

विभागप्रमुख म्हणजे एक शांत मॅडम. चष्म्यावरून बघणाऱ्या. त्यांनी मला बसा म्हटलं. मी बसलो नाही. बसून भांडता येत नाही. सातपुड्यापासून सुरुवात केली, तापीवरून आलो, मागासलेला जिल्हा, दुर्लक्षित जिल्हा, सगळं काढलं. त्या मध्ये म्हणाल्या, “साहेब, आमच्याकडे अ म्हणजे...” मी म्हटलं, “मॅडम, अ म्हणजे काय ते आम्हाला शाळेपासून पाठ आहे.” त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. म्हणाल्या, तिची तयारी बघूनच ब दिलीय. मी म्हटलं, हेच, हेच आम्ही पिढ्यान्‌पिढ्या ऐकतोय! बाहेर शिपाई येऊन उभा राहिला. दोन प्राध्यापक डोकावून गेले. मला हुरूप आला.

शेवटी त्या दमल्या. म्हणाल्या, “तुकडी बदलायची मुदत आज संध्याकाळपर्यंत आहे. तुम्हाला ती अ मध्येच हवीय ना?”

“अ मध्येच.”

“तिला विचारलंय?”

“मी तिचा मामा आहे.”

त्यांनी समोरच्या कॉम्प्युटरवर काहीतरी केलं आणि म्हणाल्या, झालं.

झालं! एवढं सोपं! मी जिना उतरता उतरता मेव्हण्यांना फोन लावला. नयनाला अ मध्ये आणली, सांगितलं. मेव्हण्यांचा चुलतभाऊ फ्लेक्स छापतो. तासाभरात मोबाईलवर फोटो आला. धानोऱ्याच्या स्टँडवर फ्लेक्स! ‘चिनी भाषेच्या अ तुकडीत निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन’. कोपऱ्यात नयना, तिकिटाएवढी. आणि मधोमध शुभेच्छुक म्हणून मी, गळ्यात उपरणं, हात जोडलेले. आपल्याकडे फ्लेक्सवर सत्कार कोणाचा आणि फोटो कोणाचा, हे तुम्हाला सांगायला नको.

दुपार टळल्यावर नयना वर्गातून बाहेर आली. मी आधी फ्लेक्सच दाखवला. तिनं तो बघितला. मग माझ्याकडे बघितलं. पुण्यात महिनाभर शुद्ध बोलणारी पोरगी एकदम धानोऱ्यात येऊन पडली.

“मामा, हाई काय करी टाकं तुम्ही?”

मग तिनं सांगितलं. सावकाश. अ तुकडी म्हणजे ज्यांना चिनीतलं काही म्हणजे काहीच येत नाही ती. शून्यापासून सुरुवात. तीन वर्षं. ब तुकडी म्हणजे जे आधी शिकून आलेत ते. त्यांचं एक वर्ष वाचतं. दोन वर्षं. सबंध परीक्षेतून मोजकी पोरं ब मध्ये घेतली होती. त्यात बाहेरगावची ही एकटी.

“बाबा दोनच वरीस देतंस, तुमले माहीत शे ना?” ती म्हणाली. “मन्हं एक वरीस गयं मामा. म्हणजे सगळंच गयं.”

ती रडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती पायरीवर बसली. मी म्हटलं, तू फोनवर सांगायचंस ना. ती म्हणाली, तुम्ही ठेवला.

चूक छापली तर दुसऱ्या दिवशी आतल्या पानावर कोपऱ्यात खुलासा टाकायची आमची रीत. इथे आतलं पानच नव्हतं. संध्याकाळ व्हायला आली होती. आम्ही जिना धावत चढलो. म्हणजे ती धावत, मी कठड्याला धरून.

मॅडम पर्स खांद्याला अडकवून निघालेल्या. मला बघून परत खुर्चीत बसल्या. भांडायला आलोय असंच वाटलं त्यांना. मी तोंड उघडलं, आणि सांगतो तुम्हाला, सवयीनं पुन्हा सातपुड्यापासूनच सुरुवात झाली. अख्ख्या जिल्ह्याला प्रश्न विचारणारा माणूस, पण ‘चुकलं’ म्हणायची सवयच नाही.

नयना पुढे झाली आणि चिनीत बोलायला लागली.

सुरुवातीला अडखळली, मग सुटलीच. हातवारे नाहीत, खाणाखुणा नाहीत. मॅडम ऐकत होत्या. त्यांनी चिनीतच काही विचारलं, हिनं उत्तर दिलं. मॅडम हसल्या. मला एक अक्षर कळलं नाही. फक्त विषय मीच आहे एवढं कळत होतं, कारण दोघी अधूनमधून माझ्याकडे बघत होत्या. पण खोटं कशाला बोलू? त्याच वेळी माझी छाती फुगत होती. आमच्या म्हशीच्या गोठ्यातली चिनी पुण्याच्या खुर्चीसमोर उभी राहून बोलत होती, आणि कोणी तिला मध्ये थांबवत नव्हतं.

मॅडमनी कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला. ब तुकडी परत मिळाली. मग मला म्हणाल्या, “आता तुम्ही बसा. आणि माझं वाक्य संपेपर्यंत बोलू नका.” मी बसलो. बातमीदारीत पहिल्यांदाच एखाद्याचं वाक्य पूर्णविरामापर्यंत ऐकलं. अवघड असतं हो.

जिना उतरताना नयनाला विचारलं, काय सांगितलंस गं माझ्याबद्दल? ती म्हणाली, “सांगितलं, मामा मनाचा चांगला आहे. फक्त त्याला शून्यापासून शिकवावं लागेल.”

आता प्रश्न फ्लेक्सचा. मेव्हण्यांना मी सगळं सांगितलं. ते एवढंच म्हणाले, “दोन वरीसच ना? मंग ठीक शे.” पण फ्लेक्स उतरवायला तयार नाहीत. गावानं बघितलाय, आता उतरवला तर पोरीचा निकाल बदलला म्हणतील! मागून बहीण ओरडली, “भाऊ, फोन ठेवाना आगोदर ऐकी लेत जाय.”

म्हणजे मधोमध माझ्या फोटोसह धडधडीत खोटी बातमी धानोऱ्याच्या स्टँडवर टांगलेली. मला झोप लागेना. शेवटी उपाय सापडला. त्या विद्यापीठाचा रविवारी बाहेरच्या लोकांसाठी मोबाईलवर अ तुकडीचा वर्ग असतो. वयाची अट नाही. मी नाव घातलं. आता फ्लेक्सवर फोटो माझा, अ तुकडीत निवड माझी. बातमी शंभर टक्के खरी! पत्र्याखालचा पोरगा या वयात अ मध्ये पोचला. पहिल्या रविवारी नवा शर्ट घालून बसलो होतो, हसताय काय?

परवा पहिली चाचणी झाली. मॅडमचा स्वतःचा फोन आला. मी यावेळी ठेवला नाही, पूर्ण ऐकला. फार आदरानं बोलल्या.

म्हणाल्या, साहेब, तुमच्यासाठी आम्ही क तुकडी काढायचा विचार करतोय.