पाळीवरचा हूं

माझी बायको खोट्या गोष्टीला हूं देत नसे. आमच्याकडे कोणी गोष्ट सांगायला बसला की ऐकणाऱ्यानं वाक्यावाक्याला हूं म्हणायचं असतं. हूं आला नाही तर सांगणाऱ्याचं गाडं पुढं सरकत नाही. माझं गाडं तिनं जन्मभर अडवलं. गाव तिला हूंबाईच म्हणायचं.

आमच्या लग्नाची गोष्ट घ्या. मी पाहुण्यांना सांगत होतो, पोरगी पाहायला गेलो अन् पहिल्या नजरेत पसंत केली. हूं नाही. वळून पाहिलं तर ही तांदूळ निवडत बसलेली. म्हणाली, "पाह्यलं कुठी जी तुम्ही? तुमचं ध्यान वड्याच्या ताटात होतं. पसंत तर तुमच्या मामानं केलं." खरंच होतं. वडे चांगले झाले होते.

स्वतःलाही सोडत नसे. पोरीच्या लग्नात व्याही जेवणाची तारीफ करू लागले, तर हिनं सांगून टाकलं, "वरण खालून लागलं होतं, भाऊ. तुमाले वरचं वरचं वाढलं." व्याही हसले. पोरगी मात्र पोळ्यापर्यंत आईशी बोलली नाही.

गावाचा तलाव जुना आहे. धान पोटरीवर आला की त्याचं पाणी सोडतात. सोडण्याआधी सगळं गाव पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, बसतं आणि पाळ फुटता फुटता वाचली, त्या सालची गोष्ट ऐकतं. सांगायचा मान आमच्या घराचा, कारण तेव्हा पाळीची राखण माझ्या आजाकडे होती. बाप सांगायचा की आजानं भर पावसात पाळीला पडलेलं भोक पाहिलं अन् हाका मारून गाव गोळा केलं. बापामागं मीही तेच सांगायला बसलो. हिनं नेमका तिथंच हूं गिळला. गाव थांबलं.

"तुमचा आजा मोहाची पिऊन झोपून होता," ती म्हणाली. "भोक पाह्यलं टोल्यावरच्या भुरीबाईनं, बकऱ्या चारता चारता. बायांनी घरची कवाडं काढून भोकाले लावली अन् वरून माती लिंपली. आजाले तुमच्या आजीनं खराट्यानं उठवलं. मले तिनंच सांगितलं."

टोल्यावरची, म्हणजे गावाबाहेरच्या वस्तीतली, माणसं मागं बसायची. त्यांनी माना वर केल्या.

घरी आल्यावर मी भडकलो. चारचौघात माझं नाक काऊन कापलं?

"नाक शाबूत हाये तुमचं," ती म्हणाली. "भुरीबाई मेली. तिले येऊन सांगता येत नाई. मंग जित्या माणसानं नीट सांगाव का नाई?"

पुढल्या सालापासून मी खराट्यासकट सांगू लागलो. लोकांना तेच जास्त आवडलं.

गेल्या उन्हाळ्यात ती गेली. बसायला आलेले लोक म्हणाले, बाई किती गोड बोलायची, कधी कोणाचं मन दुखवलं नाही. मी हूं दिला नाही. आता घर खायला उठतं. मी एकटाच काहीबाही बोलतो. भिंत सगळं मुकाट ऐकून घेते, माझ्या थापासुद्धा.

या साली पाळीवर बसलो तेव्हा पोटात एकच भीती होती. हिच्यासंगं भुरीबाईही गेली असली तर? म्हणून मुद्दाम बापाचीच गोष्ट लावली. "भर पावसात माझ्या आजानं भोक पाहिलं," म्हणालो अन् थांबलो.

हूं आला नाही. बायांकडून नाही, गड्यांकडून नाही. मग टोल्यावरची एक म्हातारी खाकरली. "भाऊ, तुमचा आजा झोपून होता."

"मंग पाह्यलं कोणं?"

"भुरीबाईनं," चारपाच जणी बोलल्या.

"अन् आजाले उठवलं कोणं?"

"आजीनं," सरपंचासकट सगळी पाळ म्हणाली, "खराट्यानं."

मी इतका हसलो की दुपट्ट्यानं डोळे पुसावे लागले. माझ्या बाजूची तिची जागा लोकांनी रिकामीच ठेवली होती. तिकडं तोंड करून मी हूं म्हणालो. मग आम्ही पाणी सोडलं.