जावेने नवा कागद आणला

एकदा घरात आलेली वस्तू पुन्हा घराबाहेर जाऊ न देणारी बाई सगळ्या न्यू जर्सीत एकच होती, आणि ती माझी धाकटी जाऊ. हे मी कौतुकाने म्हणत नाही आणि निंदेनेही म्हणत नाही. होतं ते सांगते. आमचे हे गेल्यावर मुलाने मला इकडे आणलं, तेव्हा जाऊ आणि भाऊजी, म्हणजे माझे दीर, यांना इथे येऊन पंधरा वर्षं झाली होती. भाऊजी टेलिव्हिजनचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत इंजिनियर होते, पगार चांगला होता, घर स्वतःचं होतं आणि आमच्यापासून दोन रस्ते पलीकडे होतं. पहिल्याच दिवशी मी तिच्या बेसमेंटमध्ये उतरले, तर दोरीवर कपड्यांच्या जागी प्लास्टिकच्या पिशव्या वाळत घातलेल्या. धुतलेल्या, उलट्या केलेल्या, प्रत्येकीला एक चिमटा. मी विचारलं, "अगं, या कुणाच्या?" ती म्हणाली, "कुणाच्या म्हणजे? आमच्याच. तुम्हाला लागल्या तर न्या, पण परत आणा."

पावाच्या पिशव्यांचं काम वेगळं होतं. बर्फ पडला की त्या पायमोज्यांवर चढवायच्या आणि मग बूट घालायचे, म्हणजे पाय कोरडे राहतात. राहतात खरे, मीही घालून पाहिल्या. पण चालताना असा आवाज येतो की आपल्या मागून कोणी चिवडा खात येतंय असं वाटतं. तिच्या फ्रिजमध्ये मार्गारिनचे, म्हणजे तेलाच्या नकली लोण्याचे, अकरा डबे असायचे आणि त्यातल्या एकातही मार्गारिन नसायचं. एकात लोणचं, एकात विरजण, एकात भिजवलेली मटकी, एकात परवाची आमटी. बाहेरून सगळे सारखे. नावं लिहून ठेव म्हटलं तर म्हणाली, "चिकटपट्टी काय झाडाला लागते?" एकदा भाऊजींनी घाईघाईत इडलीचं पीठ टोस्टला लावून खाल्लं आणि ऑफिसला गेले. संध्याकाळी एवढंच म्हणाले, "आजचं लोणी जरा आंबट होतं." असा माणूस मिळाला म्हणून तिचा संसार झाला. दुसरा कोणी असता तर परत गेला असता.

फोनचे तिचे नियम होते. आमच्याकडून घरी पोचली की दोनदा घंटी वाजवायची आणि ठेवून द्यायचा. दोन घंट्या म्हणजे पोचले, तीन म्हणजे दुकानात चालले आहे, येणार असाल तर दारात उभ्या राहा. आपण उचलायचा नाही, म्हणजे पैसे पडत नाहीत. माझ्या मुलाला हे कधी जमलं नाही. घंटी वाजली की तो सवयीने उचलायचा आणि हॅलो म्हणायचा. पलीकडून ती चिडून म्हणायची, "का उचललास? आता उचललाच आहेस तर आईला दे."

तीन घंट्या झाल्या की माझी वरात निघायची. रविवारच्या वर्तमानपत्रातली सवलतीची कूपनं ती आपल्या पेपरातून कापायचीच, शिवाय शेजाऱ्यांनी रद्दीत टाकलेल्या पेपरांतूनही कापायची. एका दुकानात बुधवारी कूपनची किंमत दुप्पट धरत. कधी कधी वस्तू फुकटच पडायची, आणि फुकट पडली की ती घ्यायची, मग ती काहीही असो. घरात कुत्रा नसताना तिने कुत्र्याच्या बिस्किटांचे सहा खोके आणले. ते शेजारच्या म्हाताऱ्याच्या कुत्र्याला दिले आणि त्याच्या बदल्यात थंडीच्या तोंडाशी त्याच्या वाफ्यातले सगळे हिरवे टोमॅटो तोडून आणले. महिनाभर दोन्ही घरांत चटणी होती. काही वस्तूंवर "गिऱ्हाइकाला एकच" अशी पाटी असायची. त्यासाठी मी. आम्ही दोघींनी वेगवेगळ्या रांगांत उभं राहायचं आणि एकमेकींना ओळख दाखवायची नाही. अख्ख्या दुकानात साडी नेसलेल्या, कुंकू लावलेल्या आम्ही दोघीच, साड्यांवर कोटही एकाच सेलमध्ये घेतलेले, आणि आम्ही अनोळखी. त्यात मधेच ती तिकडून मराठीत ओरडायची, "वहिनी, कूपन आधी द्या, पैसे नंतर." तिची मुलगी एकदा बरोबर होती. कॉलेजात जाणारी पोर, ती दोन पावलं मागे सरकली आणि म्हणाली, "मॉम, आय ॲम नॉट विथ यू." जाऊ म्हणाली, "छान. मग तूही एक घे आणि तिसऱ्या लाइनीत उभी राहा."

माझ्या वयाचाही तिने उपयोग केला. साठीच्या पुढच्यांना कॉफी स्वस्त मिळते हे कळल्यापासून ती मला घेऊन जायची आणि काउंटरवरच्या मुलीला मोठ्याने सांगायची, "शी इज सिक्स्टी थ्री." एक कॉफी, दोन पेले. मी म्हटलं, "माझं वय तू सगळ्या गावाला सांगत सुटलीस." ती म्हणाली, "मग घरात ठेवून त्याचं काय करणार आहात?"

आणि भेटीचे कागद. कोणी भेट दिली की ती सुरीने चिकटपट्टी हळूच सोडवायची, कागदावर मंद इस्त्री फिरवायची आणि घडी करून गादीखाली ठेवायची. करकोचे आणि बाळं छापलेला एक कागद तिने दोन बारशांना वापरला, मग एका मुंजीला आणि शेवटी भाऊजींच्या ऑफिसातले एक साहेब निवृत्त झाले तेव्हा त्यांना. साहेब खूप हसले म्हणे. ते का हसले हे तिला कळलं नाही. तिला कागद चांगला दिसत होता.

पण तिला कंजूष म्हणणाऱ्यांशी मी भांडले आहे. शिकायला आलेली आपली पोरं दर शनिवारी तिच्याकडे जेवायची. कोणाची आई पुण्यात, कोणाची अकोल्यात. ती त्यांना पोटभर वाढायची आणि जाताना डबे भरून द्यायची. तेवढे डबे मात्र पुढच्या शनिवारी परत यावे लागत. न आणणाऱ्याला वरण मिळायचं, पण भाजी मिळायची नाही.

असं सगळं सुरळीत चाललं होतं. मग डिसेंबरात माझ्या नातीचा वाढदिवस झाला आणि जाऊ भेट घेऊन आली ती नव्या कागदात. दुकानातून आणलेला, एकही घडी नसलेला कागद, वर फीत. नातीने तो टराटरा फाडला आणि जाऊ नुसती बघत राहिली. पुढच्या आठवड्यात आयसेलिन गावातल्या देशी दुकानातले पेढे घेऊन आली. विकतचे, दुकानाच्या खोक्यात. खोका तिथेच ठेवून गेली. मग एक दिवस फोन वाजतच राहिला. मी चौथ्या घंटीला उचलला, तर ती अर्धा तास हवापाण्याच्या गप्पा मारत होती. मुलगा म्हणाला, "काकूला लॉटरी लागली वाटतं." मला काही ते बरं वाटलं नाही. माणूस पन्नाशीला आल्यावर उगाच बदलत नाही. काहीतरी बिघडतं तेव्हा बदलतो.

जानेवारीत एका सोमवारी शाळेला सुट्टी होती, म्हणून सून मला आणि नातीला लायब्ररीत सोडून गेली. नात गोष्टी ऐकायला बसली. मला पुस्तकांचं काही कळत नाही, म्हणून मी खिडकीशी उभी राहिले. बाहेर गाड्यांच्या जागेत भाऊजींची गाडी होती. आत भाऊजी टाय बांधून, कोट घालून डबा खात होते. सकाळचे साडेअकरा वाजले होते. नंतर ते आत आले, तर समोर मी. म्हणाले, "वहिनी, पुस्तक बदलायला आलो होतो." हातात पुस्तक नव्हतं. मी म्हटलं, "बरं." आणखी काय म्हणायचं?

दुसऱ्या दिवशी मी जावेच्या घरी गेले आणि विचारलं, "भाऊजींची नोकरी कधी गेली?" तिने गॅस बंद केला. म्हणाली, "सप्टेंबरात. सगळा विभागच बंद केला." मी म्हटलं, "पाच महिने होत आले आणि तू मला पेढे आणतेस?" ती म्हणाली, "असताना काटकसर केली तर लोक चिकट म्हणतात. नसताना केली तर कीव करतात. मला चिकट म्हटलेलं चालतं, वहिनी. गादीखालचे कागद काढायला गेले, तर हातच पुढे होईना. वाटलं, आता कोणी पाहिलं तर म्हणेल, बघा, वेळ आली."

भाऊजी त्रेपन्न वर्षांचे. रोज सकाळी डबा घेऊन निघायचे, लायब्ररीत बसून अर्ज लिहायचे आणि सहाला घरी यायचे. मुलीला माहीत नव्हतं. घराचे हप्ते होते, मुलीची फी होती, शिलकीत उन्हाळ्यापर्यंत पुरेल एवढं होतं. मी म्हटलं, "मराठी मंडळातल्या लोकांना सांग. इथे निम्मे लोक इंजिनियर आहेत." ती म्हणाली, "यांनी शपथ घातली आहे. तुम्ही कुणाला बोललात तर मी जन्मात तुमच्याशी बोलणार नाही." मी गप्प बसायचं कबूल केलं.

दहा दिवस गप्प बसले. मग तिच्या घरी संक्रांतीचं हळदीकुंकू आलं. आधीच्या वर्षी तिने वाण म्हणून एकेक साबणाची वडी लुटली होती, अर्थात कूपनवरची, आणि बायका वर्षभर हसल्या होत्या. या वेळी तिने स्वयंपाकघरातून मोठं खोकं आणलं. त्यात तीस स्टीलच्या वाट्या होत्या. नव्या, जड, काठाला नक्षी असलेल्या. बायका म्हणाल्या, "अगंबाई, काय हे, एवढं कशाला?" आणि ती हसत होती. मला ते हसणं सहन झालं नाही. मी सोफ्यावरून उठले आणि म्हणाले, "माझ्या दिराची नोकरी गेली आहे. सप्टेंबरपासून घरी आहेत. तुमच्या नवऱ्यांना कुठे काही ठाऊक असेल तर आजच सांगा."

जावेच्या हातात एक वाटी होती, ती तिने हळूच खोक्यात ठेवली. मग नागपूरच्या एक बाई, एरवी नुसत्या मिरवणाऱ्या, त्या म्हणाल्या, "आमच्यांची मागच्या वर्षी गेली होती. चार महिने. मी पण कुणाला बोलले नाही." दुसरी म्हणाली, "माझा भाऊ ॲरिझोनात चँडलरला आहे. चिप्स बनवतात तिथे, म्हणजे कॉम्प्युटरच्या, खायच्या नव्हेत. त्याच्याकडे माणसं घेतायत, मी आज कॉल करते." पाच मिनिटांत कागदी रुमालांवर सात फोन नंबर लिहून झाले होते. जाऊ तोवर स्वयंपाकघरात गेली होती आणि स्वच्छ भांडी पुन्हा घासत होती. मी मागे गेले. ती वळली नाही. म्हणाली, "जा तुम्ही."

चँडलरची नोकरी मिळाली. पगार थोडा कमी, पण मिळाली. मार्चमध्ये ते निघाले. त्या दोन महिन्यांत जाऊ माझ्याशी एक शब्द बोलली नाही. मी समोर असले तरी माझ्या मुलाला सांगायची, "आईला म्हणावं, चहा निवतोय." मीही मुलालाच सांगायची, "काकूला म्हणावं, पितेय." घर विकलं, सामान भरलं. निघताना भाऊजी माझ्या पाया पडले. तीही पडली, कारण रीत आहे, पण वर पाहिलं नाही. मी केलं ते बरोबर केलं असं मला तेव्हा वाटत होतं आणि आजही वाटतं. पण बुधवारी दुकानात जायला मला आता कोणी नव्हतं आणि माझा फोन दिवसभर वाजत नव्हता.

जून संपता संपता एक खोकं आलं. पत्ता तिच्या अक्षरात. आत कुरडया होत्या. न्यू जर्सीत कुरडया होत नाहीत, ऊनच पुरत नाही. तिकडचं ऊन म्हणे असं की सकाळी घातल्या की दुपारी वाळतात. कुरडया घालायला दोघी लागतात. गव्हाचा चीक घाटायला एक, गरम आहे तोवर सोऱ्या दाबायला दुसरी. आम्ही दोघी सासरी एकत्र होतो तेव्हा दर उन्हाळ्यात घालायचो. बरोबर चिठ्ठी होती, दोन ओळींची: "यांनी सोऱ्या दाबला. रविवारी फोन करते."

ॲरिझोनापासून न्यू जर्सीपर्यंत कोणी खोकं कसं फेकलं कोण जाणे. एकही कुरडई अख्खी नव्हती. सगळा चुरा. मी तो तळून पाहिला. चुरा नीट तळता येत नाही, अर्धा फुलतो आणि अर्धा जळतो. मी आणि नातीने तो वाटीत घेऊन चमच्याने खाल्ला.

रविवारी तिचा फोन आला. हवा विचारली नाही, तब्येत विचारली नाही. म्हणाली, "वहिनी, कुरडया अख्ख्या पोचल्या का?"

मी म्हटलं, "अख्ख्या."

"एकही मोडली नाही?"

"एकही नाही."

मग म्हणाली, "पुढच्या वर्षी घालायच्या वेळी तुम्हीच या."