धरणाचा कोरडा पायथा

मातीच्या जुन्या धरणाच्या पायथ्याशी पाणी पाझरत होतं. मी ते चिकणमाती ठोकून बंद केलं. एवढंच. यापेक्षा मोठा गाढवपणा मी आजवर केलेला नाही, आणि केलेले काही थोडेथोडके नाहीत.

ग्वाल्हेर आणि इंदूर ही संस्थानं नुकतीच एका राज्यात आली होती. म्हणजे कागदावर. आम्हा ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या मराठी मंडळींच्या डोक्यातली सरहद्द शाबूत होती. दुरुस्तीच्या कामावर इंजिनियर साहेब आले तेही नेमके इंदूरचे, आणि वर मराठीच. म्हणजे भाऊबंदकी आलीच. धरण पाहून ते मला, ओव्हरसियरला, म्हणाले, "पाझर बुजवू नका. त्यावर वाळू घाला, वर खडी, वर दगड, आणि चर काढून पाण्याला वाट द्या. माती जायला नको, पाणी गेलं पाहिजे."

"जी साहेब," म्हटलं. संध्याकाळी महाराज बाड्याच्या चौकात चहा पिताना मात्र मित्रांपुढे जीभ सैल सुटली. "ऐकलंत का, इंदूरवाले आता आम्हाला पाणी घालवायला शिकवणार! अहो, धरण अडवायला असतं की गाळायला?" सगळे खो खो हसले. त्या हशाच्या जोरावर मी दुसऱ्या दिवशी पाझर बुजवून टाकला. पायथा असा ठणठणीत कोरडा झाला की तिथेच चादर पसरून मी डबा खाल्ला.

कोंडलेलं पाणी बांधातच मुरत राहिलं. दिवाळीनंतर मागचा उतार फुगला आणि एका सकाळी मोठा लचका सुटून खाली आला. धरण फुटू नये म्हणून साहेबांनी मोरी उघडून अख्खा तलाव रिकामा करायला लावला. खालच्या गावाचा गहू नुकता उगवला होता. त्याला त्याच पाण्याचा आधार. साहेब ओरडले असते तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, "यंदा पाणी नाही, हे गावात तुम्हीच सांगून या."

गेलो. पहिल्याच घराच्या ओट्यावर एक म्हातारी बसली होती. काम चालू असताना तिने मला कितीदा तरी ताक पाजलेलं. तिला सगळं सांगितलं, अगदी "माताजी, गलती मेरी है" इथपर्यंत. ती शेताकडे बघत ऐकत होती. माझा घसा असा सुकला की न राहवून मी म्हटलं, "थोड़ा पानी मिलेगा?"

तिने उठून लोटा आणला, माझ्या हातात ठेवला आणि म्हणाली, "पूरो ताल पी गए बाबूजी, प्यास अब भी नाय बुझी?"